आंतोन सरांच्या वाटचा चहा

शनिवार: नांदेड सोडताना

आई कॅथलिक, मुलगा मॉर्मन आणि गाडी एकच, अशा प्रवासाला तिसरं माणूस म्हणून बोलावणं आलं, तर मागची सीट धरावी. मी पुढची धरली, कारण मागं बसलं की मला मळमळतं. परिणामी नांदेड ते उदगीर या अख्ख्या रस्त्यात दोन पंथांची बोलाचाली माझ्या कानाजवळून गेली आणि उतरल्यावर मान वळेना.

फिलोमिना माझी शेजारीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाली तरी आमच्या गल्लीचं बीपी अजून तिच्याच ताब्यात आहे. तिचे यजमान आंतोन सर आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे, मी इतिहास. भला माणूस. स्टाफरूममध्ये चहा बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून प्यायचे, आणि तेवढ्यात हेडमास्तर आले तरी डोळे उघडायचे नाहीत. चार वर्षांमागं ते गेले. गाव उदगीर, त्यामुळं मातीही तिथंच दिली, त्यांच्या वडिलांच्या शेजारी.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅथलिक लोकांचा मृतांचा दिवस असतो. घरचे लोक कबरी झाडून-पुसून घेतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, फादर येऊन मंत्रलेलं पाणी शिंपडतात. आपली सर्वपित्री समजा, फक्त वडे नाहीत आणि कावळ्याची मनधरणी नाही. फिलू दरवर्षी जाते. यंदा मला म्हणाली, "सुलूताई, तुम्ही चला. मी आन् जोसू दोघंच गाडीत बसलो तर मी कायतरी बोलून बसंन."

जोसू म्हणजे जोसेफ, तिचा एकुलता एक. हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोन वर्षांमागं तो मॉर्मन झाला. आमच्या गल्लीत ही बातमी आली तेव्हा निम्म्यांना वाटलं हा काहीतरी हाडांचा आजार आहे. मीही दोन दिवस तब्येतीची चौकशी करत होते. नंतर कळलं की हा अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ आहे, बायबलाच्या जोडीला त्यांचा आणखी एक ग्रंथ आहे, आणि हैदराबादेत त्यांची प्रार्थनाघरं चांगली भरतात. मागच्या नोव्हेंबरात जोसू कामाचं निमित्त सांगून आलाच नव्हता. यंदा आपण होऊन आला, गाडी धुऊन आणली, टाकी भरून आणली. फिलूला तिथंच संशय आला.

निघाल्या निघाल्या मी विचारलं, तुमच्या मॉर्मन लोकांत अमुक असतं का. तो नम्रपणे म्हणाला, मावशी, मॉर्मन नका म्हणू, आमचं खरं नाव वेगळं आहे. मग त्यानं ते सांगितलं. नाव पूर्ण होईस्तोवर विष्णुपुरी मागं पडलं. मी म्हटलं, बाळा, मी मॉर्मनच म्हणते, मला अजून उदगीरला पोचायचं आहे.

पुढच्या तासाभरात मला जे ज्ञान झालं ते असं. कॅथलिकांच्यात फादर लग्न करत नाही, वर्षानुवर्षं शिकतो आणि जन्मभर तेच काम करतो. मॉर्मनांच्यात पोटापाण्याचा धंदा सांभाळून कुणीही गृहस्थ ते काम करतो, आणि पगार नाही. जोसूच्या प्रार्थनाघराचे बिशप एसी दुरुस्त करतात. हे ऐकून फिलू मागच्या सीटवर सरळ झाली. तिच्या डोळ्यांसमोरचा बिशप म्हणजे हातात दंड, बोटात अंगठी, डोक्यावर उंच टोपी. तो आला की शाळेच्या पोरी ओळीनं उभ्या राहतात आणि आदल्या दिवशी चर्चला रंग देतात.

"बिशप? एसी दुरुस्त करून राहिला?"

"फ्रिज पण, मम्मी," जोसू म्हणाला.

मग संतांचा विषय निघाला. मॉर्मनांच्यात सगळ्या सभासदांनाच संत म्हणतात, असं जोसूच्या तोंडून निघालं. त्यावर फिलूनं ऐकवलं की कॅथलिकांच्यात संत व्हायला आधी मरावं लागतं, मग चमत्कार दाखवावे लागतात, मग रोममध्ये त्याची वर्षानुवर्षं चौकशी होते. आणि याच्या हैदराबादेत लायसन नसलेली पोरंसुद्धा संत. तिच्या गळ्यात क्रूस, हातात जपमाळ. याच्याकडं दोन्ही नाही. तिची सगळी भिस्त मारियामातेवर; हा मारियाला मान देतो, पण तिच्याकडं काही मागत नाही. देवाचंही असंच. कॅथलिकांचा देव एकच, पण बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं त्या एकात. मॉर्मन म्हणतात तिघं वेगवेगळे, फक्त एकमताचे. हे मात्र मला झटक्यात कळलं. एकांचा तीन तोंडांचा दत्त, दुसऱ्यांचे ब्रह्मा-विष्णू-महेश तीन देवळांत. मी तसं बोलून दाखवलं तर दोघांनाही ते पटलं नाही. त्या दिवसातलं त्यांचं तेवढं एकच एकमत.

फिलूची खरी दुखरी नस मात्र निराळी होती. कॅथलिक बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देतात. मॉर्मनांना तो चालत नाही. माणूस कळता झाल्यावर अख्खा पाण्यात बुडवावा लागतो. म्हणजे जोसूनं हैदराबादला पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता.

"मी तुला तान्हेपणी चर्चमध्ये नेलं तवा दोन दिवसाचा ताप होता मला," ती म्हणाली. "तो बाप्तिस्मा काय गळका होता?"

जोसूनं गाडीचा वेग कमी केला आणि चहाचं हॉटेल शोधायला लागला. शहाणं पोरगं.

लोह्याच्या पुढं, एका हॉटेलात

रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन निघून गेलं होतं, ज्वारी नुकती वर आली होती. कडेला बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, पण भजी अशी की मी धर्मचर्चा विसरले.

मॉर्मन माणूस चहा पीत नाही. कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही. दारू-तंबाखूचं मी समजू शकते, किंबहुना त्याबद्दल त्यांना दोन मार्क जास्तच देते. पण चहा? मराठवाड्यात चहा नाकारणं म्हणजे त्या घराशी सोयरीक तोडणं आहे. जोसूनं दूध मागितलं. हॉटेलवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आस्थेनं मला विचारलं, "पेशंट हाय का?" लातूरच्या दवाखान्यात नेत असतील, असं त्याला वाटलं असावं. त्यानं दुधात हळद टाकून दिली आणि वरून साखर. जोसू ते तसंच प्याला.

फिलू सीताफळं निवडायला गेली. एकेक फळ ती नाडी बघितल्यासारखं दाबून बघते, त्यामुळं आम्हाला भरपूर वेळ मिळाला. जोसूनं खुर्ची जवळ ओढली आणि आपलं येण्याचं कारण सांगितलं.

मॉर्मन लोकांची रोजची प्रार्थनाघरं वेगळी आणि मंदिरं वेगळी. मंदिरं थोडी, आपल्याकडं अजून चालू झालेलं नाही, म्हणून तो नव्या वर्षात बँकॉकच्या मंदिरात जाणार होता. तिथं एक विधी असतो. आपला जो माणूस मॉर्मन न होता गेला, त्याच्या वतीनं जिवंत नातेवाईक पाण्यात उतरतो आणि मेलेल्याच्या नावानं बाप्तिस्मा घेतो. त्यानंतर नवरा-बायको आणि मुलं यांची कायमची गाठ बांधतात. कायमची म्हणजे मेल्यावरही, अनंतकाळ. जोसूला आंतोन सरांसाठी हे करायचं होतं. पण नियम असा की जवळच्या माणसाची परवानगी लागते, आणि बायको हयात असेल तर पहिला हक्क बायकोचा.

"मम्मी हो म्हणाली तरच होतं," तो म्हणाला. "तुम्ही बोला ना मावशी. तुमचं ऐकते ती."

ती माझं बीपीच्या आकड्याबाबतसुद्धा ऐकत नाही. मी स्पष्ट सांगितलं की मला मध्ये घालू नको, तुझी आई आहे, तूच बोल. तो खाली बघून रिकाम्या ग्लासातल्या सायीशी खेळत बसला. मला त्याची दया आली आणि रागही आला. एवढा मोठा घोडा, आणि मध्यस्थ म्हणून कुणाला धरलंय, तर जिला यातलं ओ की ठो कळत नाही तिला.

अहमदपूरच्या पुढं फिलूनं मागून विचारलंच, हॉटेलात काय खुसुरफुसुर चालली होती. जोसूनं मग सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. मी समोरच्या ट्रकमागचा मजकूर वाचत राहिले.

फिलूचा पहिला प्रश्न आला तो असा: "बँकॉकला? देवासाठी?"

आमच्या भागातून बँकॉकला जाऊन आलेली माणसं आम्हाला ठाऊक आहेत. त्यातलं देवासाठी कुणीच गेलं नव्हतं. मला हसू फुटलं. जोसू हसला नाही. फिलूही नाही. मग ती हळू आवाजात बोलायला लागली. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, मरताना फादरांनी तेल लावलं होतं, पापं सांगून मोकळे होऊन गेले होते. आता त्या माणसाला पुन्हा पाण्यात घालायचं? त्यांना विचारलं कुणी?

जोसूनं सांगितलं की जबरदस्ती काही नसते. पलीकडं गेलेल्या माणसाला हो किंवा नाही म्हणायची मुभा असते. आपण फक्त दार उघडून ठेवायचं.

यावर फिलू गप्प झाली. शिरूर ताजबंदला वळण घेतलं, उदगीरचा रस्ता लागला, किल्ल्याकडची पाटी आली, तरी गप्प. दवाखान्यात ती बीपीचं मशीन फुगवताना अशीच गप्प असायची आणि त्यानंतर जे बोलायची ते पेशंटला कधीच आवडायचं नाही.

उदगीर, संध्याकाळ

मुक्काम फिलूच्या जावेकडं, मार्थाकडं. मार्था मोकळी बाई. तिचं माहेर सीमेपलीकडचं बिदरकडचं, त्यामुळं मराठीत मधूनच कानडी फोडणी. तिनं ज्वारीच्या भाकरी आणि मटणाचा रस्सा केला होता. जोसू आडवा हात मारून जेवला. मला वाटलं चहा नाही म्हणून कसर काढतोय. तर म्हणाला, उद्या महिन्याचा पहिला रविवार, आमचा उपास, आता उद्या संध्याकाळीच जेवायचं.

मी लगेच मार्थाला साबुदाणा आहे का विचारलं. जोसू म्हणाला, साबुदाणा नाही मावशी, काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. उपासाला काहीच खायचं नाही, ही कल्पना माझ्या घरात कुणी मांडली तर लोक त्याला नास्तिक म्हणतील. फिलूच्या कॅथलिकांचंही बरं आहे, शुक्रवारी मटण सोडलं की भागतं.

पुढचा घोटाळा मेणबत्त्यांचा. मार्था आणायला विसरली होती. म्हणाली, उद्या जोसू आणील. तर रविवारी मॉर्मन काही विकत घेत नाहीत. तसा तो चप्पल घालून बाजारात पळाला आणि दुकानं बंद व्हायच्या आत एवढ्या मेणबत्त्या घेऊन आला की अख्ख्या दफनभूमीला पुरल्या असत्या. चहा पीत नाही, देव वेगळा, पण बापाच्या मेणबत्त्या कमी पडू नयेत म्हणून धावतो, हे फिलू दारात उभी राहून बघत होती.

रात्रीच्या भांड्यांच्या वेळी मार्थानं फडताळातून पांढरा कपबशीचा जोड काढला आणि चिंचेनं घासायला घेतला. तेव्हा मला या घरची रीत समजली. आंतोन सरांचे वडील चहाचे भक्त. ते गेल्यावर पहिल्या मृतांच्या दिवशी आंतोन सर किटली घेऊन कबरीवर गेले, वडिलांचा कप भरून कबरीच्या कट्ट्यावर ठेवला, जरा वेळानं उचलला आणि वडिलांच्या वाटचा म्हणून स्वतः प्याले. तेव्हापासून दरवर्षी. बापाचा कप मुलानं प्यायचा. कॅथलिक पुस्तकात असलं काही नाही. फादर बघून न बघितल्यासारखं करतात. आंतोन सर गेल्यावर पहिली दोन वर्षं जोसू त्यांचा कप प्याला होता. मागच्या वर्षी तो आला नाही, तर कप तसाच निवला आणि मार्थानं झाडाला ओतला.

जोसू जवळच उभा होता. मार्थानं सहज विचारलं, उद्या पिशील ना रे. तो म्हणाला, बघू काकी. फिलूनं मान वर केली आणि परत भांडी पुसायला लागली.

रविवार: चर्च आणि किल्ला

सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना. फादर केरळचे, पण मराठी माझ्या हेडमास्तरांपेक्षा शुद्ध. मिस्सेत उठणं, बसणं, गुडघे टेकणं हे इतक्या वेळा होतं की माझ्यासारख्या नवख्या माणसाची धांदल उडते. मी एकटीच उभी आणि सगळे गुडघ्यावर, असं एकदा झालंच. जोसू माझ्याशेजारी मागच्या बाकावर. "आता उठा मावशी," "आता बसा," असं हळूच सांगत होता. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक पुढं गेले तेव्हा तो जागचा हलला नाही. त्यांच्यात भाकरी आणि द्राक्षारसाऐवजी पावाचा तुकडा आणि साधं पाणी असतं, हे त्यानं मला गाडीतच सांगितलं होतं. पण सगळे मिळून प्रार्थना म्हणत होते तेव्हा मी तिरक्या नजरेनं पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. लहानपणीचं पाठांतर ते, धर्म बदलला म्हणून थोडंच जातं.

दफनभूमीत जायचं संध्याकाळी होतं, म्हणून मधल्या वेळात मी किल्ला बघायचा हट्ट धरला. उदगीरला येऊन किल्ला न बघता परतणं इतिहासाच्या शिक्षिकेला शोभत नाही. बुरूज अजून दणकट आहेत, खंदकही ओळखू येतो. इथं मराठ्यांनी निजामाला कसं हरवलं हे मी बुरुजावर उभी राहून अगदी रंगात येऊन सांगत होते, आणि बघते तर जोसू सावलीला दगडावर बसलेला. ओठ कोरडे पडले होते. मी पाण्याची बाटली पुढं केली आणि लगेच मागं घेतली.

मी निजाम तिथंच सोडला आणि त्याला सरळ विचारलं, हे सगळं काहून केलंस बाबा. नोकरी आहे, आई आहे, चर्च होतं, काय कमी होतं?

तो बुरुजाखालच्या झाडीकडं वळला. मग सांगायला लागला. पप्पा गेले, सगळं आटोपून तो हैदराबादला खोलीवर परतला. त्यांच्या मातीच्या वेळी फादर सगळं चांगलंच बोलले होते, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात अडकून बसली होती: लग्नाची गाठ मरेपर्यंत. म्हणजे मम्मी-पप्पांचं आता काही नातं राहिलं नाही का? हे दोन वर्षं मनात घेऊन फिरला. एका सुट्टीच्या दिवशी पांढरे शर्ट, टाय, छातीला नावाची पट्टी अशी दोन पोरं दारात आली. त्यानं त्यांना घालवून द्यायचं ठरवलं होतं. पण त्यांनी घरात कोण कोण आहे विचारलं, आणि पप्पा गेले म्हटल्यावर म्हणाले, कुटुंब तुटत नाही, गाठ कायमची बांधता येते.

"बाकी सगळं मला नंतर कळलं मावशी," तो म्हणाला. "तेवढं एक ऐकलं आणि मी त्यांना आत बसवलं."

आमच्याकडं वडाला दोरा गुंडाळून सात जन्मांची मागणी घालतात. मी स्वतः कंटाळत गुंडाळलाय. हे पोरगं बापाचा हात सुटू नये म्हणून चहा सोडून, उपाशी राहून, बँकॉकपर्यंत जायला निघालं होतं. मला भडभडून आलं आणि मी चष्मा पुसत बसले.

रविवार, संध्याकाळ: दफनभूमी

ऊन उतरल्यावर गेलो. गावाबाहेरची जागा, तारेचं कुंपण, आत कडुलिंब. घरोघरची माणसं आपापल्या कबरीपाशी बसलेली, झेंडूच्या पाकळ्या, मेणबत्त्या, पोरांची पळापळ. एकूण वातावरण रडारडीचं कमी आणि शेतातल्या जेवणाचं जास्त. जोसूनं बापाची आणि आज्याची कबर धुतली, मेणबत्त्या ओळीनं लावल्या आणि उरलेल्या शेजारच्या कबरींना वाटून आला. फादर आले, प्रार्थना झाली, पाणी शिंपडलं, पुढं गेले.

मग मार्थानं टॉवेलात गुंडाळलेली किटली सोडली. आम्हाला कप दिले. पांढरी कपबशी भरून आंतोन सरांच्या कट्ट्यावर ठेवली. आम्ही आमचा चहा संपवला. जोसू उभाच होता, हात मागं बांधून.

फिलूनं कट्ट्यावरची कपबशी उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"गेलेल्या माणसाच्या वतीनं जित्यानं पाण्यात उतरलं तरी त्याला पोचतं, म्हणलास ना काल? मग त्यांच्या वतीनं हा पी. हा बी पोचंल."

मला फिलूचा असा राग आला म्हणून सांगू. ही काय परीक्षा झाली? पोरानं कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, चहा सोडून त्याला दोन वर्षं झाली, आणि आईनं त्याच्याच शब्दात त्याला धरलं. प्याला तर स्वतःचा देव मोडतो, नाही प्याला तर बाप परका होतो. मी तोंड उघडणार होते, पण मार्थानं माझा पदर ओढला.

जोसूनं आईकडं पाहिलं. मग कपबशी घेतली. कपातला चहा बशीत ओतला. थोडा सांडला. त्यानं फुंकर मारली, डोळे मिटले, आणि मी तुम्हाला सांगते, क्षणभर मला स्टाफरूम दिसली. बशी ओठांना लागणार, तेवढ्यात फिलूनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

त्यानं डोळे उघडले.

"ऱ्हाऊ दे रे. उपास हाय तुझा." तिनं बशी त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः तोंडाला लावली. बशीतला संपवला, कपातला उरलेला ओतून तोही संपवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलंसुद्धा नाही. संपल्यावर मार्थाला म्हणाली, साखर लई झाली. मार्था म्हणाली, भाऊजींना एवढीच लागायची.

आमच्याकडच्या हिशेबानं या वेळी कावळा यायला पाहिजे होता. कुत्रं आलं आणि माझं बिस्कीट घेऊन गेलं.

घरी आल्यावर दिवेलागणीला फिलूनं जोसूसाठी स्वतः ताट वाढलं आणि तो आधी पाणी पिईपर्यंत तांब्या धरून उभी राहिली. परवानगीचं मात्र अवाक्षर नाही. तोही विचारायला धजला नाही.

सोमवार: परतताना

सकाळी मार्थानं निलंगा राईस करून घातला. नाव इंग्रजी असलं तरी पदार्थ आपल्या लातूर जिल्ह्यातला, आणि असा की मी डबाही भरून घेतला. यावेळी मी शहाणी होऊन मागची सीट धरली, मळमळलं तर मळमळलं. फिलू पुढं, मुलाच्या शेजारी.

सगळा रस्ता ती सीताफळाच्या बिया खिडकीतून टाकत होती. लोह्याच्या अलीकडं जोसूनं न सांगता त्याच हॉटेलापुढं गाडी थांबवली. हॉटेलवाल्यानं ओळखलं, पेशंटची तब्येत सुधारली का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, बघू, आज रिपोर्ट आहे.

दोन चहा आणि एक दूध आलं. फिलूनं तिचा चहा बशीत ओतला. ती एरवी कपानंच पिते. मग बशीकडं बघत म्हणाली, "तुझ्या त्या कामाला माझं न्हाई हाय."

जोसूनं मान हलवली. मला त्याच्याकडं बघवेना.

"ऐकून तर घे पूर्ण. पलीकडं त्यांना हो-न्हाई म्हणायची मुभा हाय म्हणतोस. तुझ्या पप्पांनी जन्मात एक शर्टाचं कापड मला विचारल्याबिगर घेतलं का? तू तिथं दार उघडशील, आन् ते उंबऱ्यात उभे राहून म्हणतील, फिलूला येऊ द्या, मग सांगतो. नाहक ताटकळत ठेवायचं कशाला त्यांना?"

जोसू तिच्याकडं बघतच राहिला.

"मी जाईन तवा जाईन. गेल्यावर आम्ही दोघं बसून ठरवतो. मग जा तू बँकॉकला, का अजून कुठं, आन् दोघांच्या नावानं एकदमच उतर पाण्यात. तुझी गाठ पक्की असंल तर बांधली जाईल. फादरांना मी सांगून जाईन, की पोराचा हट्ट होता."

जोसूनं टेबलावर डोकं ठेवलं. खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, भर हॉटेलात. फिलू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दुसऱ्या हातानं बशीतला चहा पीत राहिली. हॉटेलवाल्यानं लांबूनच मला खूण केली, रिपोर्ट वाईट आला का म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं.

जरा वेळानं जोसूनं तोंड पुसलं, दूध संपवलं, उठला. आम्हीही उठलो. गाडीत बसताना फिलूला काहीतरी आठवलं. तिनं दार उघडं धरून ठेवलं आणि डॉक्टरनं गोळ्या समजावून सांगाव्यात तसं बोट नाचवत म्हणाली:

"एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या त्या अनंतकाळात चहा मिळतो का बघून घे. नसंल मिळत, तर आम्ही दोघं उठून परत फादरांकडं येणार."

"विचारून ठेवतो, मम्मी," जोसू म्हणाला.

आणि तो विचारणार. एसीवाले बिशप शिडीवर चढलेले असतील, हातात पान्हा असेल, तरी खाली उभा राहून विचारणार.